खडकीची तपासणी नियंत्रणालयं बंद का करू नयेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या आता कंपन्या झाल्या, खासगी उद्योगही दारूगोळा बनवू लागले. मग पुण्यात खडकी आणि औंध रस्त्याच्या बाजूला असलेली डीजीक्यूएची, म्हणजे संरक्षण खात्याच्या गुणवत्ता हमी महासंचालनालयाची, दारूगोळा आणि स्फोटकं तपासणारी नियंत्रणालयं कशाला चालू ठेवायची? जगभर उत्पादकच हमी देतो, आणि चाचणी काय, कुणीही करू शकतं. तेव्हा माल बनवणाऱ्यानेच हमी द्यावी, लष्कराने थेट त्याच्याकडून घ्यावा, प्रयोगशाळा बंद कराव्यात आणि मोक्याची जागा मोकळी करावी.

माझी जवळपास सगळी नोकरी दारूगोळ्याच्या तपासणीत गेली. माझं उत्तर स्पष्ट आहे: बंद करू नयेत. या कार्यालयांवर होणारी टीका मला ठाऊक आहे, त्यातली बरीचशी खरी आहे, आणि तिच्याकडे मी खाली येतो. पण आधी तिथे काय काम चालतं ते सांगतो. प्रश्न वाचताना असं वाटलं की तपासणी म्हणजे तयार मालाच्या पेट्या उघडून शिक्का मारणं, असा समज आहे.

तोफेचा गोळा फुटतो तो त्यातल्या स्फोटकामुळे, पण नळीतून बाहेर पडतो तो मागच्या प्रोपेलंटमुळे. प्रोपेलंट म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, आणि हा पदार्थ कधीच स्वस्थ बसत नाही. कोठारात नुसता पडून असला तरी त्याचं हळूहळू विघटन चालू असतं. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात आणि तीच पुढचं विघटन वाढवतात. हे चक्र रोखायला त्यात डायफेनिलअमाइन किंवा कार्बामाइटसारखं स्थिरक घालतात. स्थिरक संपत आलं की माल आतून तापू लागतो आणि एखाद्या दिवशी कुणी हात न लावता पेटतो. फ्रान्सच्या नौदलाने याची किंमत मोजली आहे. तुलाँ बंदरात १९०७ मध्ये 'येना' आणि १९११ मध्ये 'लिबर्ते' या युद्धनौका आपल्याच कोठारातल्या प्रोपेलंटमुळे उडाल्या. समोर शत्रू नव्हता, युद्धही चालू नव्हतं.

म्हणून साठ्यातल्या प्रोपेलंटचं सॅम्पल ठरावीक काळाने प्रयोगशाळेत येतं. त्याची सगळ्यात जुनी चाचणी एबल हीट टेस्ट. नमुना परीक्षानळीत घालायचा, वर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेली कागदाची पट्टी टांगायची, पट्टीचा अर्धा भाग ग्लिसरीन-पाण्याने ओला करायचा आणि नळी गरम पाण्याच्या बाथमध्ये सोडायची. मग घड्याळ लावून बसायचं. ओला भाग आणि कोरडा भाग जिथे भेटतात तिथे एक फिकट तपकिरी रेघ उमटते. ती किती मिनिटांनी उमटली, हा निकाल. ऐकायला सोपं आहे, पण ती रेघ नेमकी कुठल्या क्षणी आली म्हणायचं हे नवख्या माणसाला जमत नाही. उजेड बदलला, कागद जुना झाला, नळी नीट धुतली नाही, की आकडा बदलतो. आज याहून सरस चाचण्या आहेत. स्थिरक किती उरलंय हे क्रोमॅटोग्राफीने थेट मोजता येतं, निर्वातात गरम करून सुटलेला वायू मोजता येतो. पण कुठलीही चाचणी घ्या, एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. याच लॉटचं, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचं, पाच वर्षांपूर्वी किती आलं होतं, दहा वर्षांपूर्वी किती, राजस्थानात ठेवलेल्या मालाचं किती आणि डोंगरात ठेवलेल्याचं किती, हे शेजारी ठेवल्यावर त्या आकड्याला अर्थ येतो.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. तपासणी केंद्र म्हणजे यंत्रं आणि इमारत एवढंच नाही. ती न तुटलेली नोंदींची मालिका आहे. पुण्यातल्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या स्फोटक-संशोधन प्रयोगशाळेची परंपरा १९०८ मध्ये नैनीतालला सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या कार्यालयापर्यंत जाते. इतकी जुनी मालिका एकदा तुटली की पैसे ओतून पुन्हा जोडता येत नाही, कारण गेलेल्या वर्षांचे नमुने परत मिळत नाहीत.

आता प्रत्यक्ष डागून बघण्याची गोष्ट. लॉट पास करायचा तर त्यातले काही गोळे प्रूफ रेंजवर डागतात. ओडिशात बालासोरजवळ चांदीपूरला डीआरडीओची रेंज १८९५ पासून आहे, मध्य प्रदेशात इटारसीला डीजीक्यूएचं प्रूफ केंद्र आहे. चांदीपूरची जागा निवडली ती उगाच नाही. ओहोटीला तिथला समुद्र काही किलोमीटर मागे हटतो आणि डागलेला गोळा वाळूतून उचलून आणता येतो. त्यावरचा तांब्याचा पट्टा कसा झिजला, कवच कुठे फुगलं, फ्यूजचं, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या कळीचं, काय झालं, हे हातात घेऊन बघता येतं.

डागतानाही सरळ नवा लॉट डागत नाहीत. आधी संदर्भ लॉटचे, म्हणजे ज्याचं वागणं पक्कं माहीत आहे अशा राखून ठेवलेल्या प्रोपेलंटचे काही फेर, म्हणजे गोळे, डागतात. तोफेची नळी प्रत्येक फेरीने झिजते आणि झिजलेल्या नळीतून वेग कमी येतो. म्हणून त्या दिवशी त्या नळीचं वागणं कसं आहे ते संदर्भ लॉटवरून कळतं, मग नव्या लॉटचे फेर होतात आणि दोन्हींतला फरक हा खरा निकाल. संदर्भ लॉट संपायच्या आत पुढचा संदर्भ लॉट त्याच्याशी ताडून तयार करावा लागतो. हा वारसा एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो. मधली काही वर्षं कुणीच नसलं तर पुढच्या माणसाला मोजायला बिंदूच उरत नाही.

'चाचणी कुणीही करू शकतं' म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. लॉटमधले तीस गोळे डागले आणि तीसही बरोबर चालले. लॉट चांगला? ज्या लॉटमध्ये शंभरात दहा गोळे खराब आहेत, तोही या चाचणीतून शंभरात चार वेळा सुटेल. शंभरात पाच खराब असतील, तर एकवीस वेळा सुटेल. खराबी एका टक्क्याच्या आत आहे असं पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणायचं असेल, तर एकही चूक न होता जवळपास तीनशे गोळे डागावे लागतील. १५५ मिलिमीटरच्या तोफेचे तीनशे गोळे प्रत्येक लॉटमागे कोण जाळणार? आणि तोफेच्या नळीत फुटणारा गोळा तर टक्क्यात नव्हे, लाखात एक असला तरी जास्तच.

मग इतक्या थोड्या गोळ्यांवर लॉट पास कसा होतो? कारण त्या तीस गोळ्यांच्या मागे बाकीची माहिती उभी असते. धातूचा नमुना कुठल्या भट्टीतला, ओतलेलं स्फोटक आत पोकळी न राहता घट्ट बसलं का याचा क्ष-किरण, फ्यूजची पाडून आणि हादरवून घेतलेली परीक्षा, त्याच कारखान्याच्या आधीच्या लॉटचा इतिहास, आणि सैन्यातल्या युनिटकडून आलेल्या तक्रारी. हे सगळं एका छताखाली, एकाच माणसांच्या डोळ्यांखालून जातं म्हणून ते तीस गोळे बोलतात. प्रत्येक उत्पादकाने आपापली हमी द्यायची ठरवली तर ही माहिती तुकड्या-तुकड्यांत विखुरते. एका कंपनीच्या फ्यूजमधली खोट दुसऱ्या कंपनीच्या गोळ्यात त्रास देत असेल, तर दोन्ही कागदपत्रं शेजारी ठेवून कोण बघणार?

बनवणाऱ्यानेच तपासावं, या सूचनेचं इतिहासातलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकन नौदलाचं मार्क १४ टॉर्पेडो. र्‍होड आयलंडमधलं न्यूपोर्टचं टॉर्पेडो केंद्र हे ते डिझाइन करायचं, बनवायचं आणि तपासायचंही. एका टॉर्पेडोची किंमत सुमारे दहा हजार डॉलर, म्हणून खऱ्या स्फोटकासह डागून बघणं उधळपट्टी मानलं गेलं. चुंबकीय स्फोटकळीची, म्हणजे जहाजाच्या चुंबकत्वाने स्फोट घडवणाऱ्या कळीची, जिवंत चाचणी युद्धापूर्वी झाली ती १९२६ मध्ये, एका बाद पाणबुडीवर. दोन टॉर्पेडो सोडले, एक फुटला, एक फुटलाच नाही. तेवढ्यावर काम मंजूर झालं.

डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध सुरू झालं आणि पाणबुड्यांचे कप्तान कळवू लागले की नेम बरोबर आहे, पण जहाज बुडत नाही. वरून उत्तर यायचं की तुमचा नेम चुकतोय. शेवटी जून १९४२ मध्ये अ‍ॅडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ समुद्रात मासेमारीचं जाळं टांगलं आणि टॉर्पेडो त्यातून सोडले. जाळ्याला पडलेल्या भोकांनी दाखवलं की ते ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे दहा-अकरा फूट खालून जात होते, म्हणजे जहाजाच्या पोटाखालून. न्यूपोर्टमध्ये हे दिसलं का नाही? चाचणीचा टॉर्पेडो खऱ्यापेक्षा हलका होता, आणि खोली नोंदवणारं उपकरण टॉर्पेडोवर चुकीच्या जागी बसवलेलं होतं. यंत्र चुकत होतं आणि त्याची चूक मोजणारं यंत्रही त्याच पद्धतीने चुकत होतं. दोन्ही एकाच घरातून आलेली असली की असंच होतं. कुणी लबाडी केली नव्हती. दोन्हीकडे एकच गृहीतक होतं आणि त्यावर बोट ठेवणारा तिसरा माणूसच नव्हता.

खोली सुधारली, तर खाली लपलेले दोष वर आले. जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा' पाणबुडीने 'तोनान मारू क्रमांक ३' या जपानी जहाजावर पंधरा टॉर्पेडो सोडले. जागीच बंद पडलेल्या जहाजावर एकामागून एक आदळले आणि त्यातले अकरा फुटले नाहीत. कप्तान डॅस्पिट यांनी उरलेला एक जपून बंदरात परत आणला, तपासायला. त्यानंतर पर्ल हार्बरला स्फोटकळ्या उंचावरून पोलादी पत्र्यावर टाकून बघितल्या, तेव्हा कळलं की आघात जितका सरळ, तितकी कळ दबण्याऐवजी वाकण्याची शक्यता जास्त. म्हणजे उत्तम नेम लावणाऱ्यालाच सगळ्यात जास्त दगा. युद्धाची पावणेदोन वर्षं गेली, ती शांततेच्या काळात वाचवलेल्या काही टॉर्पेडोंच्या किमतीपायी.

आता टीकेकडे येतो. सगळ्यात बोचरा प्रश्न पुलगावचा, आणि महाराष्ट्रातल्या माणसाने तो टाळू नये. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान धरून पंधराहून जास्त माणसं गेली. नंतरच्या चौकशीत बोट दाखवलं गेलं ते रणगाडाविरोधी सुरुंगांमधून पाझरणाऱ्या टीएनटी या स्फोटकाकडे. ते सुरुंग सरकारी कारखान्यात बनलेले आणि सरकारी तपासणीतून गेलेले. मग तपासणीचा उपयोग काय, असं विचारणं रास्त आहे.

टीएनटी का पाझरतं ते आधी समजून घ्या. शुद्ध टीएनटी ८० अंश सेल्सिअसच्या किंचित वर गोठतं. त्यात डायनायट्रोटोल्युइन किंवा टीएनटीचेच दुसरे समघटक मिसळले असतील, तर गोठणबिंदू खाली येतो आणि अशुद्ध भाग तेलासारखा वेगळा होऊन उन्हाळ्यात फटींमधून बाहेर येतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असेल ते वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. बाहेर आलेलं ते तेल लाकूड, रंग, धूळ यांच्यात मुरलं की आग लागायला फार काही लागत नाही. गोठणबिंदूची चाचणी साधी आहे. वितळलेलं टीएनटी ढवळत थंड करायचं, तापमापक उतरत जातो, मग थोडा वर चढून एका जागी थांबतो, तो आकडा लिहायचा. दशांश अंशाचा फरकही महत्त्वाचा असतो. स्फोटकांच्या प्रयोगशाळेत कालपरवा आलेला सहायकही हे शिकतो.

म्हणजे अशा प्रकारचा दोष ओळखण्याचं ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. मग ते ज्ञान 'थांबा' म्हणू शकेल एवढं बलवान होतं का, हा प्रश्न उरतो. त्या काळी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड आणि डीजीक्यूए दोन्ही संरक्षण उत्पादन विभागाखाली होते. वर्षअखेर उत्पादनाचं लक्ष्य पूर्ण झालं की नाही याचा जाब ज्या विभागाला द्यायचा, त्याच विभागाच्या हाताखालचा माणूस लॉट अडवणार. त्याने अडवलाच तर सवलतीचा, म्हणजे दोष असूनही लॉट घ्यावा असा, प्रस्ताव येतो, बैठक होते, 'गरज तातडीची आहे' असं टिपण निघतं. न्यूपोर्टचंच दुखणं, थोडं सौम्य रूपात. २०२० मध्ये लष्कराचा एक अंतर्गत अहवाल वर्तमानपत्रांत आला होता. त्यात २०१४ पासूनच्या काळात सदोष दारूगोळ्यामुळे ९६० कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं म्हटलं होतं. फॅक्टरी बोर्डाने त्यावर आक्षेप घेतला. आकड्यावर वाद घाला, पण त्यातून निघणारा धडा तपासणारा बनवणाऱ्यापासून अधिक दूर न्या असा आहे. तपासणाराच काढून टाकला तर जे आधी निदान कागदावर नोंदलं जात होतं, तेही नोंदलं जाणार नाही.

दुसरा आक्षेप उशिराचा. हा मला पूर्ण मान्य आहे. सॅम्पल महिनोन्महिने रांगेत पडून राहतात, रेंजची तारीख मिळत नाही, छोट्या उद्योजकाचं भांडवल अडकतं, आणि एका सहीसाठी फाइल चार टेबलं फिरते. पुणे, नाशिक, नागपूरच्या कितीतरी लघुउद्योजकांनी हे सोसलंय आणि त्यांचा राग खरा आहे. मंत्रालयाने २०२४ मध्ये डीजीक्यूएची पुनर्रचना केली ती याच कारणासाठी: निर्णयाचे थर कमी करणं आणि प्रूफ रेंज, चाचणी सुविधा यांचं वाटप पारदर्शक करायला वेगळं संचालनालय. दिशा योग्य आहे. ज्या उद्योगाचा इतिहास स्वच्छ आहे त्याला पेट्या, कपडे, साध्या सुट्या भागांसाठी स्वयंप्रमाणन द्यावं, यालाही माझी हरकत नाही. पण स्फोटकं, प्रोपेलंट आणि फ्यूज या तीन गोष्टींना ते लागू करू नये. सदोष बूट फाटतो आणि बदलून मिळतो. सदोष फ्यूज नळीतच फुटला तर तोफेवरची सगळी माणसं जातात.

'जगभर उत्पादकच हमी देतो' हे विधान तर चुकीचंच आहे. अमेरिकेत शस्त्रं बहुतांश खासगी कंपन्या बनवतात, तरी डीसीएमए या सरकारी संस्थेची माणसं त्यांच्या कारखान्यांत बसून तपासणी करतात. नाटोच्या देशांत एकमेकांसाठी सरकारी गुणवत्ता हमीचं काम करण्याचा करारच आहे. एका देशाने दुसऱ्या देशातल्या कंपनीकडून माल घेतला, तर त्या देशाचं सरकार तो तपासून देतं. नागपूरच्या कंपनीने २०२१ मध्ये लष्कराला हातबॉम्ब पुरवले, आता आपला दारूगोळा परदेशातही जातोय. उद्या घेणारा देश विचारेल की तुमच्या सरकारचं यावर म्हणणं काय. तेव्हा दाखवायला खडकीचा कागद हवा. म्हणजे खासगी उत्पादन वाढल्याने या केंद्राची गरज वाढली आहे.

अमेरिकेचंच ताजं उदाहरणही देतो, कारण बंद करण्याची हवा तिथूनही येते. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून शस्त्रांच्या प्रत्यक्ष वापरातल्या चाचण्यांवर लक्ष ठेवणारं स्वतंत्र कार्यालय, डीओटीअँडई, उभं केलं. मे २०२५ मध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी ते निम्म्यावर आणलं. नव्वदहून थोडी जास्त माणसं होती, ती तीस नागरी, पंधरा लष्करी आणि एक वरिष्ठ अधिकारी एवढ्यावर, आणि कंत्राटी मदत बंद. वर्षाला तीस कोटी डॉलर वाचतील असं कारण दिलं. शेकडो अब्ज डॉलरच्या संरक्षण खर्चात ही रक्कम किती, आणि एक विमान किंवा एक क्षेपणास्त्र सदोष निघालं तर काय पडेल, हे ज्याने त्याने ताडून बघावं. आपण निदान त्यांच्या चांगल्या सवयी घ्याव्यात.

राहिला प्रश्न सरकारच्या नव्या चाचणी सुविधांचा. २०२० मध्ये चारशे कोटींची संरक्षण चाचणी पायाभूत सुविधा योजना आली. उद्योगांनी एकत्र येऊन प्रयोगशाळा उभारायची आणि खर्चाचा पंचाहत्तर टक्के वाटा सरकारने द्यायचा. उत्तम योजना आहे. ड्रोन, इलेक्ट्रॉनिक युद्ध, ऑप्टिक्स यांच्यासाठी तशी केंद्रं झालीच पाहिजेत, आणि खडकीवरचा भारही त्यामुळे हलका होईल. पण ती केंद्रं विकास चाचणीसाठी, म्हणजे नवं साधन घडवताना होणाऱ्या चाचणीसाठी, आहेत. पंधरा वर्षांपूर्वी पास झालेल्या, आता सियाचिनच्या किंवा जैसलमेरच्या कोठारात असलेल्या लॉटचं काय झालं असेल, हा प्रश्न घेऊन तिथे कुणी जाणार नाही. तो प्रश्न घेऊन सुभेदार आजही खडकीलाच पत्र पाठवतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जागा हवी असेल तर कचेऱ्या हलवा, वसाहती हलवा, पण राखून ठेवलेले नमुने, संदर्भ लॉट आणि लॉटनिहाय नोंदी यांना हात लावू नका. नोंदी अजून बऱ्याच ठिकाणी वह्यांत आहेत, त्या आधी संगणकावर आणा आणि युनिटकडून येणाऱ्या तक्रारी त्याच माहितीशी जोडा. रिकाम्या पडलेल्या रसायनतज्ज्ञांच्या जागा भरा, म्हणजे निवृत्त होणारा माणूस आपल्या हाताखाली कुणाला तरी ती तपकिरी रेघ ओळखायला शिकवून जाईल. निकालाला मुदत घाला: सॅम्पल आल्यापासून ठरलेल्या दिवसांत उत्तर नाही मिळालं तर वरच्या अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावं. आणि स्फोटकं, प्रोपेलंट, फ्यूज यांची तपासणी उत्पादन विभागाच्या हाताखालून काढून दारूगोळा वापरणाऱ्यांच्या बाजूला, म्हणजे सेनादलांचं काम बघणाऱ्या सैनिकी व्यवहार विभागाकडे द्या. नाकारलेला लॉट सवलतीने पास करायचा असेल, तर सही त्या सेनाधिकाऱ्याची असावी ज्याच्या तोफखान्यात तो जाणार आहे.